यादीत एक कप कमी

जयपाल बोरगाव्यांना त्या आठवड्यात सून मिळणार होती, आणि तीही सात दिवस पारखून घेतलेली. माझ्या भावाला पुण्याचा जावई मिळणार होता, वर धाकट्या चिरंजीवांना व्याह्यांच्या पाइपच्या कारखान्यात खुर्ची. त्यांच्या मुलाला, श्रेणिकला, बायको. माझी भाची चंदना, तिला तीन मजली घर आणि खाली जनावरांच्या दवाखान्यासाठी गाळा. आणि मला, मुलीची आत्या म्हणून, फुकटात ग्रीस. लाव्रिओच्या धक्क्यावर भर उन्हात उभी राहून मी मनात हा हिशेब मांडत होते, तेवढ्यात बोटवाल्या कंपनीची एक चुणचुणीत मुलगी चार पानी यादी घेऊन आली आणि ही कोण तपासणार म्हणून विचारू लागली.

"सुनेत्राताईंकडे द्या," जयपालभाऊ म्हणाले. "बँकेत आहेत त्या. एक चमचा इकडचा तिकडे होणार नाही."

तशी मी त्या बोटीची कारकून झाले. बारा चमचे, बारा काटे, आठ कप, आठ बशा, सहा तरंगणारी जाकिटं, दोन बादल्या, एक दुर्बीण. प्रत्येकापुढे बरोबरची खूण, शेवटी माझी सही. परत येताना हीच यादी पुन्हा तपासायची, कमी असेल त्याचे पैसे जागच्या जागी भरायचे. मोठ्या मोडतोडीसाठी जयपालभाऊंनी अनामत ठेवली होती. तिचा आकडा ऐकून मी दुर्बीण गळ्यातून काढून कपाटात ठेवली.

या गोष्टीला आता पंधरा वर्षं झाली. तेव्हा मी एकोणपन्नासची, सांगलीच्या एका सहकारी बँकेत, आणि बिनलग्नाची. म्हणजे घरातल्या असल्या सगळ्या कामांना मोकळी. खरं तर अण्णा, माझा भाऊ, यायचा होता. पण त्याची साखर वाढली, शिवाय हळदीचे सौदे चालू होते. त्यानं माझ्या हातात तीन किलो भडंग, दशम्यांचा डबा आणि आपली मुलगी दिली आणि सांगितलं, "तू फक्त बरोबर राहा. बाकी सगळं ते बघणार आहेत."

बघणार आहेत हेच खरं होतं. जयपालभाऊंचा बघण्याच्या कार्यक्रमावर विश्वास नव्हता. त्यांचं म्हणणं, दिवाणखान्यात मुलगी अर्धा तास बसते, त्यात चहा गोड आहे यापलीकडे काय कळतं? बोटीवर माणूस लपत नाही. त्याच्या चार वर्षं आधी त्यांनी मुंबईच्या एका क्लबात शिडाची बोट चालवायचं शिक्षण घेतलं होतं, लायसन काढलं होतं, आणि तेव्हापासून दर उन्हाळ्यात बायको-मुलाला घेऊन ते इकडे येत. तेरा मीटरची बोट, तीन खोल्या. त्या वर्षी त्यांनी दोन्ही गोष्टी एका भाड्यात बसवल्या होत्या. कारखानदार माणूस.

बोटीवर आम्ही पाच जण. जयपालभाऊ सुकाणूवर. श्रेणिक दोरांवर, एकोणतीस वर्षांचा, उंच, देखणा, तोही रीतसर शिकलेला, पण सुकाणू त्याच्या हाती कधी आलं नाही. मी आणि चंदना पुढच्या खोलीत, जिचा आकार डब्यातल्या मोदकासारखा, पायाकडे निमुळता. आणि सुरेखावहिनी, जयपालभाऊंची बायको, ज्यांना बोट सुटल्या सुटल्या मळमळू लागलं. बोटीच्या मध्यावर हेलकावा कमी लागतो म्हणून त्या आमच्या दाराबाहेरच्या बाकावर डोळ्यांवर पदर घेऊन आडव्या झाल्या आणि आडव्याच राहिल्या. मी त्यांना ओलांडून जायची-यायची. माझ्या त्या पहिल्या हिशेबात त्यांच्या नावापुढे मी काहीच मांडलेलं नव्हतं. मांडायचं राहिलं हे माझ्या लक्षातही आलं नाही.

रविवारी दुपारी आम्ही केआ नावाच्या बेटाला लागलो. बोट धक्क्याला लावताना पुढून नांगर टाकायचा आणि मागं मागं येत शेपटीकडून दोर बांधायचे, अशी तिकडची रीत. श्रेणिकनं दोर फेकला, तो धक्क्यावरच्या माणसाच्या हातात गेला, बोट लागली. यात कुणी काही बोलावं असं मला काही दिसलं नाही. जयपालभाऊंना दिसलं. दोर उशिरा फेकला, डाव्या हातानं फेकला, शिकवलं काय आणि केलं काय. सगळ्या धक्क्यानं ऐकलं. भाषा कळली नसेल, सूर कळला. श्रेणिक हसत होता. मग जयपालभाऊ लगेच शांत झाले आणि सगळ्यांना आइस्क्रीम खायला घेऊन गेले. वाईट माणूस नव्हे.

संध्याकाळचं जेवण आम्ही उन्हातच उरकलं. आमच्या घरी सूर्यास्ताआधी जेवायची पद्धत, आणि तिकडे सूर्य साडेआठपर्यंत मावळायचं नाव घेत नाही. धर्मानं एवढी सवलत मला सांगलीत कधी दिली नव्हती. जेवून आम्ही दोघी खोलीत शिरलो, तर चंदनानं दार लावून घेतलं आणि हळू आवाजात म्हणाली, "आत्या, माझा नकार आहे."

मी म्हटलं, दुसराच दिवस आहे.

"आम्हाला दवाखान्यात जनावर ओळखायला दोन मिनिटं मिळतात," ती म्हणाली. "मारकं जनावर आलं तर मी भीत नाही. मार खाल्लेलं आलं की भीते. आज काकांनी टोपी नीट करायला हात वर केला, तर ह्यानं खांदा चोरला. पाहिलंस तू?"

मी पाहिलं नव्हतं. मी तेव्हा कप मोजत होते.

"मुलगा वाईट आहे का?"

"चांगला आहे. म्हणून तर नको. जन्मभर मला त्याची दया येत राहील, आणि ती त्याला कळत राहील."

तिचं बरोबर होतं. पण मी मोठी होते, आणि मोठ्यांना बोलायला काहीतरी सापडतंच. मी तिला म्हटलं, नकार तुझा, मी तुझ्या बाजूनं. पण नकाराला अंतर लागतं, बाई. आपल्याकडे कुणी तोंडावर नाही म्हणतं का? कांदेपोहे खाऊन माणसं उठतात, "कळवतो" म्हणतात, घरी जातात. मग आठ दिवसांनी पत्रिकेत काहीतरी निघतं. सगळ्यांची अब्रू शाबूत. त्या "कळवतो"च्या पोटात सांगली ते पुणे अशी सव्वादोनशे किलोमीटर असतात. इथे आपण आणि ते यांच्यात किती अंतर आहे बघ. मी हात लांब केला तर दाराला लागला. आणखी पाच दिवस याच भांड्यांत जेवायचंय, याच संडासाचा पंप मारायचाय. पाचही पासपोर्ट बोटीच्या कागदांबरोबर निळ्या फायलीत आहेत आणि फाइल जयपालभाऊंच्या उशाखाली. तेव्हा हसत राहा. घरी गेल्यावर कळवू.

"हसले तर होकार समजतील."

"समजू देत की. समजण्याला काही पैसे पडत नाहीत."

तीस वर्षं बँकेत काढलेल्या बाईचं हे वाक्य. चंदनानं मान हलवली. ती आज्ञाधारक मुलगी आहे. जे करते ते नीट करते. दुसऱ्या दिवसापासून ती नीट हसू लागली.

सोमवारी आम्ही किथनोसला गेलो. छोटं बंदर, पांढरी घरं, धक्क्याला लागूनच खानावळीची टेबलं. जयपालभाऊंना नेमकी खानावळीसमोरचीच जागा हवी होती. तिथं सरळ शिरता येईना म्हणून त्यांनी नांगर तिरका टाकला. श्रेणिक पुढे साखळी सोडत उभा होता. मी जवळच होते. तो स्वतःशीच पुटपुटला, "तिरका जातोय."

"मग सांग की त्यांना."

"पप्पांना माहीत असेल," तो म्हणाला, आणि साखळी सोडत राहिला.

तासाभरानं शेजारी एक फ्रेंच जोडपं आलं. दोघंही सत्तरीचे, बोट त्यांच्याहून थोडी तरुण. त्यांनी नांगर सरळ समोर टाकला, जसा टाकायचा असतो. त्यांची साखळी आमच्या साखळीवरून गेली. श्रेणिकनं मला नंतर काडेपेटीतल्या दोन काड्या एकमेकींवर ठेवून दाखवलं. ज्याची साखळी वर, तो मोकळा. ज्याची खाली, तो वरचा निघेपर्यंत थांबणार.

मंगळवारी पहाटे वारा सुटला.

आपल्याकडे वारा म्हणजे त्यामागून पाऊस येतो, काहीतरी निकाल लागतो. हा वारा कोरडा. आकाश निळंशार, ऊन कडक, एक ढग नाही, आणि वारा असा की माणसाला बोलताना ओरडावं लागावं. सगळ्या बोटींचे दोर शिट्ट्या घालत होते. दोर ताणले जायचे, सैल पडायचे, बोट एकदा धक्क्याकडे जायची, एकदा मागं यायची, पण कुठं जायची नाही. फ्रेंच आजोबांनी खुणेनंच सांगितलं, वारा पडल्याशिवाय आम्ही हलत नाही. म्हणजे आम्हीही नाही. बेटावर येणारी मोठी फेरीबोट त्या दिवशी आली नाही. बंदरातल्या माणसानं पाटी लावली आणि तो पत्ते खेळायला गेला. मी धक्क्यावर दोनदा चालून आले. चारशे दहा पावलं. पुढे डोंगर.

शुक्रवारी संध्याकाळी बोट परत द्यायची होती, त्यामुळे जयपालभाऊ घड्याळ बघत होते. पण मंगळवारी दुपारपर्यंत ते घड्याळही विसरले, कारण त्यांना हवं ते समोर दिसत होतं. चंदना श्रेणिकला दोराच्या गाठी विचारत होती. चंदना सुरेखावहिनींसाठी आलं-लिंबू करत होती. चंदनानं शेजारच्या आजींना भडंग खायला घातलं आणि आजींच्या डोळ्यांतून पाणी काढलं, तेव्हा सगळी बोट हसली. श्रेणिकही मोकळा हसला, खांदे खाली सोडून. मी ते पाहिलं. मुलगा तिच्या हसण्यावर व्याज धरू लागला होता.

"बास की आता," खोलीत आल्यावर मी तिला म्हटलं.

"तूच म्हणालीस हस."

"थोडं कमी हस."

"आत्या, या बोटीवर थोडं कमी असं काही करताच येत नाही," ती म्हणाली आणि भिंतीकडे तोंड करून झोपली.

बुधवारी दुपारी जेवण झाल्यावर जयपालभाऊंनी वरच्या टेबलावरची भांडी बाजूला सारली, तोंड पुसलं आणि म्हणाले की आपण सगळे समजूतदार माणसं आहोत. अडकून पडलोच आहोत, तर या अडकण्याचं सोनं करू. मुलामुलींचं जमलंय हे आंधळ्यालाही दिसेल. पाच सुवासिनी नसल्या तरी एक आहे, समुद्र साक्षीला आहे. इथंच सुपारी फोडून टाकू. घरची मंडळी तयारीनिशी आली होती: ओटीची साडी, नारळ, हळकुंड, चांदीचं नाणं, सगळं सुरेखावहिनींनी पुण्याहून एका लाल पिशवीत बांधून आणलं होतं. मला याचा पत्ता नव्हता. पत्ता नव्हता हे म्हणायलाही आता उशीर झाला होता, कारण त्यांनी फोन लावून टेबलाच्या मध्ये ठेवला होता आणि त्यातून अण्णाचा आवाज येत होता.

"होय का? होय का?" अण्णा म्हणत होता. मागं बाजारातल्या हमालांचा गलका. मग तो रडायलाच लागला. माझा भाऊ आईच्या वेळीही रडला नव्हता. "चंदू, बाळा, आहेस का तिथं?"

"आहे, बाबा," चंदना म्हणाली. आणि तिनं माझ्याकडे पाहिलं.

ते पाहणं मी अजून विसरलेले नाही. त्यात राग नव्हता. तिनं माझा सल्ला घेतला होता, त्यावर पैसे लावले होते, आणि आता ती ते परत मागायला खिडकीशी उभी होती. मी तोंड उघडलं. काय बोलणार होते मला माहीत नाही. मुहूर्त, म्हणणार होते बहुतेक. मग तोंड मिटून घेतलं. वारा होता, सगळ्यांना वाटलं वाऱ्यानं ऐकू आलं नाही.

श्रेणिक टेबलावर नखानं रेघ ओढत बसला होता. तो वर बघेना.

"सुरेखा, पिशवी आण," जयपालभाऊ म्हणाले.

सुरेखावहिनी खाली गेल्या. बराच वेळ कपाटं उघडल्याचे, मिटल्याचे आवाज येत राहिले. मग त्या जिन्यातून अर्ध्याच वर आल्या, कठड्याला धरून, चेहरा पांढरा, आणि म्हणाल्या, "पिशवी नाही."

"नाही म्हणजे?"

"अथेन्सला राहिली वाटतं. हॉटेलात. खुर्चीवर ठेवली होती, तिथंच विसरले."

फोनमध्ये हमाल ओरडत होते. जयपालभाऊ मोठ्यानं बोलायच्या आधीच सुरेखावहिनी पुन्हा बोलल्या. त्या आठवड्यात त्या एवढं सलग पहिल्यांदाच बोलल्या. फोनकडे वाकून म्हणाल्या, "अण्णासाहेब, माझी चूक झाली. पण भरायची ओटी वाटेत हरवली, हे लक्षण काही बरं नव्हे. अशा वेळी इथं नको. घरी जाऊन रीतीनं करू."

माझा भाऊ मांजर आडवं गेलं तर सौदा पुढे ढकलणारा माणूस. तो लगेच म्हणाला, "होय होय, वहिनी. घरी करू. असं नको." आणि त्याचं रडू थांबलं.

फोन बंद झाला आणि मग जयपालभाऊ बोलू लागले. ते काय बोलले ते सगळं मी सांगत नाही. एकतीस वर्षांत ही बाई काय काय विसरली त्याची उजळणी होती ती: किल्ल्या, औषधं, पाहुण्यांची नावं, एकदा म्हणे स्टेशनवर श्रेणिकलाच. हातातला कप त्यांनी टेबलावर आपटला तो फुटला, आणि त्याचाही दोष, तो कडेला ठेवला म्हणून, वहिनींवरच आला. वहिनींनीच खाली बसून तुकडे वेचले. श्रेणिक उठून धक्क्यावर गेला. चंदना वेचू लागली तर वहिनींनी तिचा हात हळूच बाजूला केला.

मी खोलीत जाऊन पडले. पाठीला काहीतरी टोचलं. नारळाएवढं.

गादी उचलली तर खाली लाल पिशवी. मी ती उघडली नाही. बाहेरूनच हात फिरवला. नारळ, साडीची घडी, नाण्याची छोटी डबी. मी बोटीवरचं प्रत्येक कपाट रोज उघडून मोजणारी बाई, सकाळीच ही गादी झटकली होती. तेव्हा नव्हती ती इथं.

मी गादी खाली केली आणि तिच्यावर पुन्हा आडवी झाले.

त्या दिवशीचं संध्याकाळचं जेवण, दुसऱ्या दिवशीचा चहा, नाश्ता, दुपारचं जेवण. जयपालभाऊंचं बोलणं आता ओरडणं राहिलं नव्हतं, विनोद झाला होता, आणि विनोद जास्त वेळ टिकतो. मीठ कुठंय म्हणून विचारलं तर म्हणायचे, अथेन्सला असेल. वहिनी मीठ पुढे करायच्या. मी जेवत होते. माझ्या गादीखालच्या एका पिशवीनं हे सगळं तिथल्या तिथे मिटलं असतं, आणि तिथल्या तिथे सुपारीही फुटली असती. दोन्ही रकमा मला पाठ होत्या. मी वांग्याची भाजी दोनदा वाढून घेतली.

गुरुवारी दुपारी बाकीचे तिघं पाव आणायला गेले, तेव्हा खालच्या ओट्याशी आम्ही दोघीच होतो. वहिनी वरण ढवळत होत्या. वाऱ्यानं बोट दोरांवर उसळत होती, पण त्या पाय रोवून उभ्या होत्या. मळमळ कधी थांबली कोण जाणे.

"वहिनी," मी म्हटलं, "पिशवी माझ्या गादीखाली आहे."

"होय की," त्या म्हणाल्या. "तिथंच ठेवली मी."

मी ओट्यावरचे चमचे मोजू लागले.

"तुमच्या खोलीची फळी पातळ आहे, सुनेत्राताई. रविवारी मी बाहेर बाकावरच होते. सगळं ऐकू आलं. त्या दया येण्याचं बोलली ना ती, तेही."

"मी सांगून टाकते त्यांना. तुम्हाला किती बोलतायत."

"आणि मग? मग सुपारी फोडणार, आणि पोरगी तुमच्या तोंडाकडे बघणार." त्यांनी डाव उलटा करून पातेल्याच्या कडेवर आपटला. "मला बोलण्याची सवय आहे हो. तिला नाही. तिला लागायला नको."

मग त्यांनी वरणात मीठ घातलं.

"मला सून हवी होती," त्या म्हणाल्या. "यांच्यापेक्षा जास्त हवी होती. ती हिरवी साडी नेसून आली ना विमानतळावर, तेव्हाच मी मनात घर मांडलं. हिच्याशी बोलता येईल म्हटलं. घरात तिघं आहोत, पण बोलायला कुणी नाही. श्रेणिक बोलायचा लहानपणी."

धक्क्यावरून जयपालभाऊंचा आवाज आला. वहिनींनी गॅस बारीक केला आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "पिशवी परत नका देऊ. माझ्या बॅगेत ते बघतील. तुमच्याच बरोबर न्या, आणि तिची ओटी भराल तेव्हा हीच भरा. साडी मी निवडलीय. डाळिंबी इरकल आहे."

शुक्रवारी पहाटे जाग आली ती शांततेनं. दोर गप्प होते. फ्रेंच जोडप्यानं कॉफी घेतली, आम्हाला हात केला आणि साखळी वर घेतली. ती निघाल्यावर आमचीही आपसूक सुटली; इतकी सहज की तीन दिवस आपण कशाला अडकलो होतो तेच कळेना. संध्याकाळी पाचला आम्ही लाव्रिओला होतो.

पुढचं सगळं रीतीनं झालं. आठ दिवस गेले, मग मी अण्णाजवळ बसले आणि ओटी हरवली हे काही माझ्या मनातून जात नाही, असं दोनदा म्हटलं. तिसऱ्यांदा म्हणावं लागलं नाही. अण्णानं पत्रिका नव्या माणसाला दाखवली, त्यात हवं ते निघालं, आणि पुण्याला कळवलं. जयपालभाऊ रागावले नाहीत. माणूस मोठ्या मनाचा. मुलीची बाजू बरोबरच आहे म्हणाले, आमच्याच घरातून अपशकुन झाला. अण्णाच्या धाकट्याला त्यांनी तरीही खुर्ची दिली. चंदनानं तीन वर्षांनी स्वतःच्या मनानं लग्न केलं, एका दूधसंघातल्या डॉक्टरशी, जो तिच्याशी भांडतो आणि हरतो. तिच्या ओटीत डाळिंबी इरकल मीच घातली. कुणी दिली ते तिला आजही माहीत नाही. श्रेणिकची बायको मेलबर्नला नोकरीला आहे, तोही तिकडेच गेला. बोटी भाड्यानं देणाऱ्या कुठल्याशा कंपनीत तो सुकाणू धरतो, असं ऐकते. मला ग्रीस फुकटात पडलं.

पाच वर्षांपूर्वी कोल्हापूरला एका लग्नात जयपालभाऊ भेटले. शेजारी वहिनी, जरा वाकलेल्या. त्यांनी चार लोकांत ओळख करून दिली, "ही आमची मंडळी. हिच्या विसरण्यानं माझ्या मुलाची एक सोन्यासारखी सोयरीक गेली. विचारा सुनेत्राताईंना." लोक हसले. वहिनीही हसल्या. मी पण हसले. दहा वर्षं झाली होती आणि अजून त्यांचा हप्ता चालूच होता.

पण तो हप्ता लाव्रिओलाच सुरू झाला होता, आणि माझ्याच हातानं. शुक्रवारी संध्याकाळी ती चुणचुणीत मुलगी यादी घेऊन आली. ती वाचत गेली, मी खुणा करत गेले. बारा चमचे, बारा काटे, आठ बशा, सहा जाकिटं, दोन बादल्या, दुर्बीण. सात कप.

एक कप कमी, ती म्हणाली. साडेतीन युरो.

"हिनं फोडला," जयपालभाऊ बायकोकडे बोट दाखवून म्हणाले, अगदी खेळीमेळीनं.

मुलीनं माझ्याकडे पाहिलं. यादी माझी होती, सही माझी होती. मी होय म्हणून मान हलवली. सुरेखावहिनींनी कमरेची छोटी पिशवी काढली, नाणी एकेक करून तिच्या हातावर मोजली, आणि मी कपापुढे बरोबरची खूण केली.